कोकणात राहून पर्यावरणशास्त्राची पदवी : विद्यार्थी आणि पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

बारावीचा निकाल लागला की मंडणगड-दापोलीपासून दोडामार्ग-वेंगुर्ल्यापर्यंतच्या मुलांचे आणि त्यांच्या आईवडिलांचे तेच ते प्रश्न कानावर येतात. किनाऱ्यावरच्या कॉलेजात शिकवताना ज्यांची उत्तरं पुन्हा पुन्हा द्यावी लागतात, ते इथे एकत्र केले आहेत.

पर्यावरण हा विषय तर सगळ्याच पदवीला असतो. मग वेगळी पदवी कशाला?

सगळ्यांना असतो तो 'पर्यावरण अभ्यास' नावाचा छोटा सक्तीचा विषय. पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये दिलेल्या निकालामुळे तो अभ्यासक्रमात आला. बीकॉमच्या मुलालाही ओझोनचा थर आणि चिपको आंदोलन माहीत असावं, एवढाच त्याचा हेतू. पर्यावरणशास्त्राची पदवी ही विज्ञानाची पदवी आहे. तिच्यात रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भूशास्त्र, हवामान, संख्याशास्त्र आणि कायदा यांचा अभ्यास असतो, प्रयोगशाळा असते, मोजमाप असतं. सक्तीच्या विषयाला निबंध लिहून पास होता येतं. इथे आकडे काढावे लागतात आणि ते बरोबर का आहेत हेही सांगावं लागतं.

तीन-चार वर्षं नेमकं शिकवतात तरी काय?

अभ्यासक्रमाची यादी देण्यापेक्षा एक घटना घेऊ. 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं. हे कसं झालं, हा प्रश्न एका विषयाच्या हातात मावत नाही. एवढ्या थोड्या वेळात एवढा पाऊस का पडला, हे हवामानशास्त्र सांगतं. डोंगरउतारावरची जंगलं गेली की माती किती वेगाने खाली येते, हे मृदाशास्त्र आणि भूशास्त्र. वाशिष्ठीच्या पात्रात साठलेला गाळ, कोयनेच्या वीजनिर्मितीनंतर कोळकेवाडीतून नदीत उतरणारं पाणी आणि खाडीतून चढणारी भरती या तिन्हींचा मेळ घालायला जलविज्ञान लागतं. पूररेषेच्या आत बांधकाम कसं झालं, हा कायद्याचा आणि नियोजनाचा प्रश्न. आणि पूर ओसरल्यावर विहिरींत काय उतरलं, ते पाणी कधी पिण्यालायक होईल, हे रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र पाहतं.

पर्यावरणशास्त्राचा पदवीधर या सगळ्यांतला तज्ज्ञ नसतो. पण यातल्या प्रत्येकाशी त्याला बोलता येतं आणि कोणता आकडा कुणाकडे मागायचा हे त्याला कळतं. हे कौशल्य कमी लोकांकडे असतं आणि आपल्या जिल्ह्यांना त्याची फार गरज आहे.

बारावीला कोणते विषय हवेत? गणित नसेल तर चालतं का?

विज्ञान शाखा हवी. बहुतेक ठिकाणी भौतिक-रसायन-जीवशास्त्र किंवा भौतिक-रसायन-गणित, दोन्ही चालतात. गणित नसलं तरी प्रवेश मिळतो, पण संख्याशास्त्रापासून सुटका नाही. सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध हे पहिल्याच वर्षी भेटतात. कला शाखेच्या मुलांना भूगोलातून पदवी घेऊन पुढे जीआयएस, म्हणजे संगणकावरच्या नकाशांच्या कामाकडे वळता येतं. तोही चांगला रस्ता आहे.

कोकणात हा कोर्स कुठे मिळेल?

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली बहुतेक कला-वाणिज्य-विज्ञान कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. 'पर्यावरणशास्त्र' हाच मुख्य विषय देणारी कॉलेजं थोडी आहेत. वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र आणि रसायनशास्त्र मात्र बऱ्याच ठिकाणी असतं. विषय दरवर्षी बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षीच्या मुलाने सांगितलं म्हणून विसंबू नका. चालू वर्षाचं माहितीपत्रक हातात घ्या.

जवळच्या पदव्यांकडे मुलांचं लक्षच जात नाही, याचं मला वाईट वाटतं. दापोलीला 1972 पासून डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आहे. तिथे वनशास्त्राची चार वर्षांची पदवी मिळते. रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. झाडं आणि जंगल आवडत असेल तर वनशास्त्र, समुद्र आणि मासे आवडत असतील तर मत्स्यशास्त्र. या दोन्ही पदव्या पर्यावरणाच्या कामापासून लांब नाहीत आणि नोकरीच्या जाहिरातींत त्यांची नावं थेट येतात. या शाखांचे प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होतात, म्हणून एमएचटी-सीईटी चुकवू नका. 'बीएस्सीच करायचंय, सीईटी कशाला' म्हणून फॉर्म न भरलेल्या मुलांना हे दरवाजे बंद होतात.

मुख्य विषय पर्यावरणशास्त्र घेऊ, की वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र, रसायनशास्त्र यांपैकी एक?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर लिहितो.

भारतीय वन सेवेच्या परीक्षेला बसायचं असेल तर पदवीत ठरावीक विषयांपैकी निदान एक असावा लागतो: पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतीशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणीशास्त्र, किंवा मग कृषी, वनशास्त्र, अभियांत्रिकी यांपैकी पदवी. या यादीत 'पर्यावरणशास्त्र' नाही. जंगलात नोकरी करायची म्हणून मुलगा पर्यावरणाची पदवी घेतो आणि तिसऱ्या वर्षाला जाहिरात वाचताना त्याला हे कळतं. इतर सरकारी पदांच्या जाहिरातींतही अशा याद्या असतात. म्हणून प्रवेश घेण्याआधी, ज्या पदावर डोळा आहे त्याची जुनी जाहिरात काढून शैक्षणिक पात्रतेचा रकाना शब्दन् शब्द वाचा.

माझं मत स्पष्ट आहे. मुख्य विषय पर्यावरणशास्त्र घेतलात तर जोडविषय म्हणून वरच्या यादीतला एक ठेवा आणि तो पात्रतेला पुरतो का ते त्या जाहिरातीवरून तपासा. कॉलेजात पर्यावरणशास्त्र नसेल तर मन खट्टू करून घेऊ नका. रसायनशास्त्र किंवा वनस्पतीशास्त्र मुख्य घ्या, पर्यावरणाचे जेवढे पेपर मिळतील तेवढे घ्या आणि एमएस्सी पर्यावरणशास्त्रात करा. पक्का पाया असलेल्या अशा मुलांना एमएस्सीला आनंदाने घेतात.

तीन वर्षांत थांबू की चौथं वर्ष करू?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी ऑनर्स मिळते. संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात. चार वर्षं केलेल्याला एमएस्सी एका वर्षात करता येते. ज्याला संशोधनाची ओढ आहे आणि ज्याच्या कॉलेजात मार्गदर्शन करणारं कुणी खरोखर आहे, त्याने चौथं वर्ष करावं. मार्गदर्शक नसेल तर तीन वर्षांनी चांगल्या विद्यापीठात एमएस्सीला जाणं बरं.

मराठी माध्यमातून शिकलोय. इंग्रजी झेपेल का?

झेपेल. पहिलं सत्र जड जातं, हे खरं. पण संज्ञा तुम्हाला वाटतात तेवढ्या परक्या नसतात. उधाणाची आणि भांगाची भरती, खाजण, पुळण, जांभा, देवरहाटी, वणवा हे शब्द तुमच्या घरात रोज वापरले जातात, आणि पुस्तकातली प्रकरणं याच गोष्टींवर आहेत. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या सुमाराला भांग हे दाभोळच्या खाडीवर वाढलेल्या पोराला सांगावं लागत नाही. शहरातल्या मुलाला तेच आकृती काढून पाठ करावं लागतं. रोज एक परिच्छेद इंग्रजीतून वाचून त्याचा अर्थ मराठीत मोठ्याने सांगायची सवय लावा.

क्षेत्रभेटी किती असतात? त्यात काय करायचं असतं?

कागदावर थोड्या असतात. चांगलं कॉलेज कागदावरच्यापेक्षा जास्त नेतं. कोकणात याला निमित्त शोधावं लागत नाही. कॉलेजपासून एसटीने तासाभरात खाडी, सडा, जंगल आणि पुळण हे चारही मिळतात अशी जागा महाराष्ट्रात दुसरीकडे सापडणार नाही.

खाडीवरचं एक काम सांगतो. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा असतो. काचेची बाटली बुडवून, आत एकही बुडबुडा राहणार नाही अशी भरायची आणि बूच लावायचं. मग जेटीवरच दोन रसायनं घालायची: आधी मँगनीज सल्फेट, मग अल्कली-आयोडाइड. बाटली उलटसुलट केली की आत गाळ धरतो. ऑक्सिजन असेल तर तपकिरी, नसेल तर पांढरा. पुढचं अनुमापन प्रयोगशाळेत होतं. आम्ल घातलं की गाळ विरघळतो, स्टार्चने निळा रंग येतो, थायोसल्फेटच्या थेंबांनी तो नाहीसा होतो, आणि थेंबांच्या हिशोबावरून आकडा निघतो. पण पहिली पायरी जागेवरच करावी लागते, कारण बाटली कॉलेजात पोहोचेपर्यंत आतले जीवजंतू ऑक्सिजन खाऊन टाकतात. खाडीत मासे मरून वर आल्याची बातमी येते तेव्हा तिथे ताबडतोब जाऊन पाणी 'बांधणारं', म्हणजे ही पहिली पायरी जागेवरच करणारं, माणूस असतं की नाही, यावर पुढचं सगळं प्रकरण उभं राहतं किंवा कोसळतं.

कांदळवनात पहिल्यांदा नेलं की मी मुलांना तिवराच्या पानाची खालची बाजू जिभेला लावायला सांगतो. खारट लागते. मुळांतून आत आलेलं मीठ तिवर पानांवाटे बाहेर टाकतो. कांदळ मात्र बरंचसं मीठ मुळाशीच अडवतो. एकाच चिखलात उभ्या असलेल्या दोन झाडांनी एकच अडचण दोन तऱ्हांनी सोडवलेली असते, आणि ते कळलं की मुलं चिखल विसरतात. पांढरी चिप्पी हे आपलं राज्य कांदळवन वृक्ष आहे, 2020 पासून.

सड्यावर जायचं ते श्रावण-भाद्रपदात. उन्हाळ्यात करपलेला जांभ्याचा कातळ तेव्हा सीतेची आसवं आणि गेंद या रानफुलांनी भरतो. चौकट टाकून आत कोणती झाडं किती आहेत ते मोजायचं. हजारो मिलिमीटर पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये वाडीवर टँकर का येतो, याचंही उत्तर या सड्यावरच सापडतं. जांभा सच्छिद्र आहे, उतार तीव्र आहे, पाणी झरझर समुद्राकडे जातं. सडा ही 'पडीक जमीन' नाही, हे इथे उभं राहून समजून घ्यावं लागतं.

कासवांसाठी वेळास आणि आंजर्ले आहेतच. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला 2002 मध्ये गावकऱ्यांना घेऊन काम सुरू केलं. ऑलिव्ह रिडले मादी हिवाळ्यात अंडी घालते, साधारण 45 ते 60 दिवसांनी पिल्लं बाहेर येतात, आणि पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. ओडिशात खूण लावलेली एक मादी 2025 मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आली, तेव्हा पूर्व किनाऱ्याची कासवं आणि आपली कासवं यांचा संबंध समोर आला. हे आपल्या वाळूत घडतंय. आणि त्याची पहिली नोंद घेणारं माणूस पहाटे किनाऱ्यावर फिरणारा गावातला कासवमित्र असतो, हेही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावं.

मुलगी आहे. खाडी-जंगलात पाठवायची म्हणजे काळजी वाटते.

काळजी रास्त आहे, आणि तिची उत्तरं कॉलेजकडे असायला हवीत. किती जण जातात, सोबत शिक्षिका असतात का, परत किती वाजता, गाडीची सोय काय, हे पालकांनी मोकळेपणाने विचारावं. पण मुलगी आहे म्हणून क्षेत्रकामच टाळायचं, हे मला पटत नाही. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत महिलांचा बचतगट होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतो. त्या बायका हे काम करतात, तर आपल्या मुलीही करतील.

खरे धोके वेगळे आहेत आणि ते मुलगा-मुलगी पाहत नाहीत. सड्यावर दगडाखाली फुरसं असतं, म्हणून दगड हाताने उचलायचा नाही. पावसाळ्यात चिखलात उघडी जखम घेऊन उतरायचं नाही, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा ताप होतो. दोडामार्ग-सावंतवाडीच्या जंगलपट्ट्यात माकडतापाची गोचीड असते, पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे आणि घरी आल्यावर अंग तपासायचं. भरतीचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय खाडीत पाऊल टाकायचं नाही.

शेवटी नोकरी लागते का?

लागते, पण फक्त बीएस्सीवर सुरुवातीला लहान कामं मिळतात. पाणी-हवा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नमुने घेणं, लोट्यासारख्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात सांडपाणी प्रकल्पावर पाळी सांभाळणं, एखाद्या संस्थेच्या प्रकल्पावर सर्वेक्षक म्हणून फिरणं. पगार बेताचा असतो. तरीही दोन वर्षं अशी काढलेल्या मुलाला जे येतं, ते थेट एमएस्सी केलेल्याला बरेचदा येत नाही.

एमएस्सीनंतर वाट रुंदावते. प्रकल्पांचे पर्यावरणीय आघात अहवाल करणाऱ्या सल्लागार कंपन्यांना मान्यता लागते आणि त्यासाठी हवा, पाणी, जैवविविधता अशा प्रत्येक क्षेत्राचा पात्र तज्ज्ञ ठेवावा लागतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या भरतीत पदानुसार पात्रता वेगळी असते. कांदळवन कक्ष आणि त्याच्याशी जोडलेलं प्रतिष्ठान किनारी जिल्ह्यांत प्रकल्प चालवतं. नगरपरिषदांना घनकचऱ्याची जाण असलेली माणसं हवी आहेत. वेंगुर्ल्याने कचऱ्याच्या वर्गीकरणात जे करून दाखवलं ते बघून या. शिकवायचं असेल तर यूजीसीच्या नेट परीक्षेत पर्यावरणशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. गेट या प्रवेश परीक्षेतही 2021 पासून पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचा पेपर आहे. समुद्रावर संशोधन करायचं असेल तर गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आपल्याला पुण्यापेक्षा फार लांब नाही.

लवकर पैसे कमावणं ही घरची निकड असेल तर हा रस्ता संथ आहे, हे मी पालकांना आधीच सांगतो.

ही पदवी घेतली की प्रत्येक प्रकल्पाला विरोध करावा लागतो का?

नाही. प्रकल्प वाचता यावा लागतो. कोकणात हा प्रश्न नेहमी तापलेला असतो, त्यामुळे नीट समजून घ्या. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी होते. तिची किमान 30 दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश राज्याच्या भाषेत, म्हणजे मराठीत, उपलब्ध करावा लागतो. सुनावणीत जोरात बोललेलं कुणीच विसरत नाही, पण टिकतं ते कागदावर आलेलं. 'अहवालात या खाडीचं पाणी फक्त पावसाळ्यात तपासलंय, उन्हाळ्याचे आकडे कुठे आहेत?' असं लेखी विचारणारा एक पदवीधर गावात असला की सुनावणीची पातळी बदलते. उत्तर समाधानकारक मिळालं तर ते मान्य करायचीही तयारी हवी.

हेच किनारी नियमन क्षेत्राचं. 2019 च्या अधिसूचनेनुसार, दर चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा कमी वस्ती असलेल्या ग्रामीण समुद्रकिनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र असतं. घरासमोर होमस्टेची खोली बांधू का, हा प्रश्न हर्णैपासून तारकर्लीपर्यंत सगळे विचारतात. त्याचं उत्तर नकाशावर दाखवू शकणारा माणूस गावात असावा.

घरी आंब्याची कलमं आहेत, होडी आहे. परत घरीच यायचं तर या शिक्षणाचा काय उपयोग?

उलट अशाच मुलांनी यावं. मोहोर कधी आला, थ्रिप्स ही कीड कधी पडली, कोणत्या आठवड्यात अवकाळी झाली, याची वहीत नोंद ठेवणारा बागायतदार फवारणी कमी करतो आणि नुकसानभरपाईच्या अर्जाला पुरावाही जोडतो. होडीवाल्याच्या घरात बांगडा-तारली कधी कुठे लागली याची तीन पिढ्यांची आठवण असते. ती कुणी लिहून काढलेली नसते.

खर्च आणि शिष्यवृत्ती?

अनुदानित कॉलेजात शुल्क आवाक्यातलं असतं, विनाअनुदानित तुकडीत जास्त. शिष्यवृत्त्यांचे अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचे. उत्पन्नाचा, अधिवासाचा आणि लागू असल्यास जातीचा दाखला निकालाची वाट न पाहता आधीच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांगा लागतात.

प्रवेशाआधी कॉलेज बघायला गेलो तर काय विचारावं?

प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांगा आणि बाटल्यांवरच्या तारखा बघा. मागच्या वर्षी मुलांना कुठे कुठे नेलं, ते विचारा. त्या भेटींचे अहवाल असतील तर चाळा. सगळ्या मुलांचे अहवाल शब्दशः सारखे असतील तर समजून जा. क्षेत्र प्रकल्प आणि कार्यप्रशिक्षण यांना आता श्रेयांक आहेत, ते कॉलेज कुठे करून घेतं? एक चांगली जागा म्हणजे ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती. जैवविविधता कायदा 2002 नुसार प्रत्येक गावाची लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. ती विद्यार्थ्यांनी गावातल्या जाणत्या माणसांसोबत बसून तपासणं, वाढवणं हा सुंदर प्रकल्प होतो. आणि शेवटी, तिसऱ्या वर्षाच्या दोन-तीन मुलांना बाजूला घेऊन विचारा. सर-मॅडम सांगणार नाहीत ते ती सांगतील.